विशेष फलने आणि ली गट : बेरीज-सूत्रांचे उगमस्थान

प्रास्ताविक

गणित आणि भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘विशेष फलने’ हे प्रकरण बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात शिकविले जाते. प्रथम अवकल समीकरण, मग त्याची श्रेणीरूप उकल, त्यानंतर जनक फलन, पुनरावर्तन संबंध, लंबता आणि शेवटी काही सोडविलेली उदाहरणे. लजांद्र बहुपदी संपल्या की हाच क्रम बेसेल फलनांसाठी आणि पुन्हा हर्मित व लागेर बहुपदींसाठी गिरविला जातो. विद्यार्थी सूत्रे पाठ करतो. परंतु वेगवेगळ्या समीकरणांतून आलेली ही फलने एकाच प्रकारच्या सूत्रांचे पालन का करतात, हा प्रश्न परीक्षेत येत नाही म्हणून वर्गातही फारसा उपस्थित होत नाही. या प्रश्नाचे उत्तर सममितीच्या गणितात, म्हणजेच ली गटांच्या सिद्धांतात सापडते. प्रस्तुत लेखात त्या उत्तराचे विवेचन चिन्हांचा आश्रय न घेता केले आहे.

या फलनांचा जन्म एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रश्नांतून झाला. लजांद्र आणि लाप्लास यांना इ. स. १७८० नंतरच्या दशकात गोलाभ वस्तूंच्या गुरुत्वाकर्षणाचा विचार करताना लजांद्र बहुपदी भेटल्या. बेसेल यांनी १८२४ च्या प्रबंधात ग्रहांच्या गतीतील विचलनांच्या निमित्ताने आपल्या नावाच्या फलनांचा पद्धतशीर अभ्यास केला. हर्मित यांचा बहुपदींवरील निबंध १८६४ चा आहे. पुढे सूत्रांचा साठा इतका वाढला की, बेटमन यांनी मागे ठेवलेल्या टिपणांच्या आधारे एर्देयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ ते १९५५ या काळात त्याचे तीन खंड सिद्ध केले. कोश म्हणून ते अजोड आहेत. पण कोशात शब्द सापडतात, व्याकरण नव्हे.

वर्तुळापासून गोलाकडे

नॉर्वेचे गणिती सोफस ली (१८४२–१८९९) यांचा मूळ हेतू अवकल समीकरणांचा अभ्यास हाच होता. बैजिक समीकरणांच्या बाबतीत गाल्वा यांनी जे साधले, ते अवकल समीकरणांच्या बाबतीत साधावे, ही त्यांची आकांक्षा. त्यासाठी त्यांनी सतत बदलणाऱ्या रूपांतरणांचे गट विचारात घेतले. परिभ्रमण हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय : कोन हवा तितका अल्प घेता येतो, आणि दोन परिभ्रमणे लागोपाठ केली तर फलितही परिभ्रमणच असते.

प्रतलातील परिभ्रमण दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या सारणीने लिहिता येते व तिच्या चार घटकांत केवळ साइन आणि कोसाइन असतात. आधी एका कोनातून आणि मग दुसऱ्या कोनातून फिरविणे म्हणजे दोन सारण्यांचा गुणाकार करणे. उलट दोन्ही कोनांच्या बेरजेतून एकदम फिरविले तरी तीच सारणी मिळाली पाहिजे. दोन्ही बाजूंचे घटक ताडून पाहिले की, शालेय त्रिकोणमितीतील कोनांच्या बेरजेची सूत्रे हाती येतात. ती सूत्रे म्हणजे गटातील संयोजनाचा नियमच होय. पुढील सर्व विवेचनाचे बीज एवढ्यातच आहे.

आता गोल घ्यावा. गोलपृष्ठावरील लाप्लासच्या समीकरणाशी निगडित, ठरावीक घाताची फलने एकत्र घेतली तर त्यांचा एक सदिश अवकाश बनतो. घात शून्य असता त्याची मिती १, घात एक असता ३, मग ५ आणि ७. रसायनशास्त्राच्या अध्यापकांना या संख्या एस, पी, डी, एफ कक्षकांच्या संख्या म्हणून परिचित आहेत, आणि हा योगायोग नव्हे. ते कक्षक याच अवकाशांतून येतात. गोल कसाही फिरविला तरी त्या अवकाशातील फलन त्याच अवकाशात राहते. म्हणून प्रत्येक परिभ्रमणाला त्या मितीची एक सारणी लाभते. गटाच्या अशा सारणीरूप आविष्काराला प्रतिरूपण असे म्हणतात. या सारणीच्या नेमक्या मध्यावरील घटक म्हणजे लजांद्र बहुपदी होय. तिच्यातील चल म्हणजे उत्तर ध्रुव मूळ जागेपासून ज्या कोनातून ढळला, त्याचा कोसाइन. मधल्या ओळीतील व स्तंभातील इतर घटकांत सहचारी लजांद्र फलने येतात आणि उरलेल्या घटकांत याकोबी बहुपदी.

एकदा हे मान्य केले की लजांद्र बहुपदींचे बेरीज-सूत्र, जे पाठ्यपुस्तकात पान-दीड पान आकडेमोड करून सिद्ध केले जाते, ते दोन सारण्यांच्या गुणाकारातील मधला घटक लिहून काढण्याइतके सरळ होते. घात एक असता तर ते अधिकच ओळखीचे वाटते. गोलीय त्रिकोणाच्या एका बाजूचा कोसाइन इतर दोन बाजू आणि त्यांमधील कोन यांच्या साहाय्याने देणारे, खगोलशास्त्रात नित्य वापरले जाणारे सूत्र म्हणजे हेच बेरीज-सूत्र.

लंबतेचे कारणही येथेच आहे. अविभाज्य आणि परस्परांहून भिन्न अशा प्रतिरूपणांचे घटक गटावरील संकलाच्या दृष्टीने परस्परलंब असतात. संहत गटांसाठी हा सिद्धांत पेटर आणि वाइल यांनी १९२७ मध्ये पूर्णत्वास नेला. पुनरावर्तन संबंध अत्यल्प परिभ्रमणांतून निघतात, म्हणजे ज्यांना भौतिकशास्त्रात कोनीय संवेगाचे चढते व उतरते कारक म्हणतात त्यांच्यातून.

प्रतल आणि बेसेल फलने

बेसेल फलनांसाठी गट बदलावा लागतो : प्रतलातील परिभ्रमणे आणि स्थानांतरणे यांचा एकत्रित गट. त्याचे प्रतिरूपण वर्तुळावरील फलनांच्या अनंतमितीय अवकाशात होते आणि स्थानांतरणाच्या सारणीचे घटक निरनिराळ्या क्रमांची बेसेल फलने असतात. आधी एक अंतर आणि मग त्याच दिशेने दुसरे अंतर सरकणे म्हणजे त्यांच्या बेरजेइतके सरकणे, एवढ्यावरून बेसेल फलनांचे बेरीज-सूत्र मिळते. सरकून पुन्हा मूळ जागी परतले तर सर्व पूर्णांक क्रमांच्या बेसेल फलनांच्या वर्गांची बेरीज नेहमी १ असते, ही एरवी चमत्कारिक वाटणारी ओळखही निघते.

या दोन गटांतील नाते विशेष उद्बोधक आहे. अतिविशाल गोलाचा लहानसा भाग सपाट भासतो, हा पृथ्वीवरील प्रत्येकाचा अनुभव. तोच अनुभव फलनांच्या भाषेत असा : १० घाताच्या लजांद्र बहुपदीचे ०.१ रेडियन कोनासाठीचे मूल्य सुमारे ०.७४३ येते, घात १०० आणि कोन ०.०१ रेडियन घेतला तर ०.७६३, आणि शून्य क्रमाच्या बेसेल फलनाचे १ या ठिकाणचे मूल्य आहे ०.७६५. घात वाढवीत आणि कोन त्याच प्रमाणात घटवीत नेला की लजांद्र बहुपदी बेसेल फलनाकडे जाते. हे सूत्र मेलर व हाइने यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात होते. परंतु एका गटाचे दुसऱ्या गटात ‘आकुंचन’ होते, ही त्यामागील कल्पना इनेन्यू आणि विग्नर यांनी १९५३ मध्ये मांडली.

ग्रंथ आणि मर्यादा

गोलावरील फलनांचा विचार अधिक व्यापक अवकाशांवर नेण्याचे काम एली कार्तां यांनी १९२९ मध्ये केले. कानपूर येथे जन्मलेल्या हरीश-चंद्र (१९२३–१९८३) यांनी १९५८ च्या दोन निबंधांत अर्धसरल ली गटांवरील गोलीय फलनांचा जो अभ्यास केला, तो या विषयातील पायाभूत कामांपैकी एक होय. पाठ्यग्रंथांच्या दृष्टीने विलेंकिन यांचा १९६५ चा रशियन ग्रंथ महत्त्वाचा ठरला. १९६८ या एकाच वर्षी त्याचा इंग्रजी अनुवाद, विग्नर यांच्या व्याख्यानांवर आधारलेले टॅलमन यांचे पुस्तक आणि मिलर यांचे पुस्तक अशी तीन पुस्तके प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ही सामग्री उपलब्ध असूनही पदव्युत्तर अभ्यासक्रमात तिला फारसे स्थान मिळालेले नाही. याचे एक कारण असे की, रेषीय बीजगणित आणि विशेष फलने हे विषय वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत विभागलेले असतात.

तथापि, या पद्धतीकडून अवास्तव अपेक्षा करणेही योग्य नव्हे. ती फलनांची संख्यात्मक मूल्ये काढून देत नाही. गोलाच्या गटातून केवळ पूर्णांक घाताच्या लजांद्र बहुपदी मिळतात. इतर घातांसाठी असंहत गटांकडे वळावे लागते आणि तेथे अभिसरणाचे प्रश्न पुन्हा उभे राहतात. लंबवर्तुळाकार पडद्याच्या कंपनांचा विचार करताना १८६८ मध्ये मॅथ्यू यांना मिळालेली फलने याच दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. त्यांचे मूळ समीकरण बेसेल फलनांच्या समीकरणाप्रमाणेच प्रतलाच्या गटाची सममिती पाळते. मात्र लंबवर्तुळाकार निर्देशक परिभ्रमणाशी किंवा स्थानांतरणाशी सरळ जुळत नाहीत, ते या दोहोंच्या वर्गात्मक मिश्रणाशी जुळतात. त्यामुळे मॅथ्यू फलने स्थानांतरणाच्या सारणीत सुट्या घटकांच्या रूपाने दिसत नाहीत, आणि बेसेल फलनांसारखी सुटसुटीत बेरीज-सूत्रेही त्यांच्या वाट्याला आलेली नाहीत.