दहापैकी किती?

आज गाण्यांविषयी बोलायचं आहे, पण आपल्या ओव्या-भजनांविषयी नाही. इंग्लंड-अमेरिकेतलं जुनं रॉक संगीत एकत्र बसून ऐकणारे आणि त्याला गुण देणारे रसिक असतात, त्यांच्याविषयी. “ताई, त्याचा बचत गटाशी काय संबंध?” असं कुणीतरी म्हणणारच. शेवटपर्यंत ऐका, संबंध तुमचा तुम्हालाच सापडेल.

आधी अल्बम म्हणजे काय ते बघू. १९४८ साली अमेरिकेत मोठी, सावकाश फिरणारी तबकडी बाजारात आली. तिच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत नीट मावायचं. मग उठायचं आणि तबकडी उलटायची. विजेवरची गिटार आणि ड्रम वाजवणारे रॉक कलाकार १९६० नंतरच्या काळात या पूर्ण तबकडीचा एकत्र विचार करू लागले. सुरुवात कोणत्या गाण्यानं करायची, पहिली बाजू कुठं संपवायची, शेवट कसा करायचा, हे सगळं ठरवून. पिंक फ्लॉइड या इंग्लिश गटाचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ घ्या. जेमतेम ४३ मिनिटांचा अल्बम, पण त्यातली बरीचशी गाणी एकमेकांत मिसळत जातात. मधलंच एखादं ऐकणं म्हणजे पूर्वरंग चुकवून कीर्तनाला जाण्यासारखं.

हे संगीत परक्या देशातलं असलं, तरी एक धागा आपल्या सातारा जिल्ह्यातून जातो. क्वीन या गटाचा १९७५ चा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ जगभर गाजला. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी घरातला. मूळ नाव फारुख बलसारा. त्याचं शालेय शिक्षण पाचगणीत झालं आणि तिथंच तो शाळेतल्या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा.

आता एकत्र ऐकण्याकडे येऊ. २०१० साली लंडनमध्ये कॉलीन मर्फी या बाईंनी ‘क्लासिक अल्बम संडेज’ नावाचा उपक्रम सुरू केला. लोकांनी जमायचं, अल्बमची थोडी माहिती ऐकायची, मग मोबाइल बंद, गप्पा बंद. तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत चांगल्या यंत्रावर वाजते आणि बोलणं त्यानंतर. आपण घरी गाणी ऐकतो ती भाकऱ्या थापताना, भांडी घासताना. तेही छानच. पण काहीही न करता चाळीस मिनिटं फक्त ऐकायचं, हे बाईच्या वाट्याला कितीदा येतं?

काही रसिक गट याच्या पुढं जातात. एकेका अल्बमला दहापैकी गुण देतात. त्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, पूर्ण ऐकल्याशिवाय गुण नाहीत. दुसरी, आपला आकडा आधी कागदावर लिहायचा आणि मगच चर्चा करायची. नाहीतर जाणकार समजला जाणारा पहिला माणूस “नऊ” म्हणतो आणि बाकीच्यांचे आकडे आपोआप नऊच्या आसपास येतात. तिसरी, आकड्यासोबत कारण सांगायचं. “आवडलं नाही” एवढं पुरत नाही. आवाज आवडला नाही, की गाणी लांबली, की शब्द पटले नाहीत, ते सांगावं लागतं.

यातली सरासरीही नीट समजून घेऊ. चार जणींनी सहा-सहा गुण दिले, तर सरासरी सहा. दोघींनी दहा आणि दोघींनी दोन दिले, तरी सरासरी सहाच. पहिला अल्बम सगळ्यांना बरा वाटला. दुसऱ्यावर दोघी जीव टाकतात आणि दोघींना तो नकोसा झाला आहे. आकडा एक, गोष्टी दोन. म्हणून नुसती सरासरी वाचून उठायचं नाही, कुणी किती दिले तेही बघायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गुण द्यायला बसलंय कोण? अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं २००३ साली कलाकार आणि जाणकारांची मतं घेऊन ५०० सर्वोत्तम अल्बमची यादी केली. पहिला आला बीटल्सचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर्स’. पहिल्या दहांत बाईचा एकही अल्बम नव्हता. २०२० साली त्याच मासिकानं नव्यानं मतं घेतली. या वेळी मत देणाऱ्या तीनशेहून जास्त लोकांत बियॉन्से, टेलर स्विफ्ट अशा गायिकाही होत्या. जोनी मिचेल यांचा १९७१ चा ‘ब्लू’ आधी तिसाव्या क्रमांकावर होता, तो तिसरा आला. लॉरिन हिल यांचा अल्बम तीनशेच्याही खालून थेट दहावा आला. ‘ब्लू’मधला एक सूरही मधल्या काळात बदललेला नव्हता. बदलले होते ते ऐकणारे कान.

त्याच नव्या यादीत सातवा आहे फ्लीटवूड मॅक या गटाचा १९७७ चा ‘रूमर्स’. त्यातल्या स्टीव्ही निक्स आणि लिंडसी बकिंगहॅम या जोडीचं नातं तेव्हा तुटत होतं. दोघंही एकमेकांवर गाणी लिहीत होते. स्टीव्हीचं ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे गाणं लांब होतं, तबकडीवर जागा पुरेना, म्हणून ते अल्बममधून वगळलं. लिंडसीनं तिच्यावर लिहिलेलं ‘गो युवर ओन वे’ छोट्या तबकडीच्या पुढच्या बाजूला आलं आणि स्टीव्हीचं हे गाणं त्याच तबकडीच्या मागच्या बाजूला. त्याची बाजू पुढं, तिची बाजू मागं! पुढं २००४ च्या नव्या आवृत्तीत ते ‘रूमर्स’मध्ये घेतलं गेलं. म्हणजे गुण देताना तबकडीवर काय आहे हे जसं ऐकायचं, तसं काय राहून गेलं हेही विचारायचं.

आता सापडला का संबंध? आपल्या बैठकीत अंतर्गत कर्ज आधी कुणाला द्यायचं, हे ठरवताना एक वडीलधारी ताई बोलते आणि बाकीच्या माना डोलावतात. त्याऐवजी प्रत्येकीचा अर्ज पूर्ण ऐकायचा, प्रत्येकीनं आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं, मग चिठ्ठ्या उघडून कारणं बोलायची. जी कधीच बोलत नाही, तिचीही चिठ्ठी त्या ढिगात असते.

सवय लावायला पुढच्या बैठकीआधी एखादा अल्बम लावून बघा. रॉकच हवा असं नाही, लावणीचा चालेल, अभंगांचा चालेल. पूर्ण ऐका आणि शेजारणीच्या कागदात न डोकावता आपला आकडा लिहा. दहापैकी किती, ते तुमचं तुम्हीच ठरवायचं.