पाळकाचे घर : रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई आणि न्यू जर्सीपर्यंत आलेला एक धागा

पिस्कॅटवे (न्यू जर्सी) : या गावात धर्मोपदेशकांचा राबता साडेतीनशे वर्षांचा आहे. 1666 मध्ये वसलेल्या पिस्कॅटवेत प्रारंभीच बॅप्टिस्ट कुटुंबे आली आणि 1689 मध्ये त्यांनी आपली मंडळी स्थापन केली. आज याच परिसरात, मिडलसेक्स काउंटीच्या गावोगावी, मल्याळम, तेलुगू, गुजराती अशा भाषांमधून ख्रिस्ती उपासना भरतात. मराठी ख्रिस्ती कुटुंबे त्या मानाने थोडी आणि विखुरलेली आहेत. पण उपासना कोणत्या भाषेत करावी, मुलांची नावे काय ठेवावीत, सण कोणते पाळावेत आणि पाळकाच्या सेवेचा भार त्याच्या बायकामुलांनी किती सोसावा, हे प्रश्न ज्याला पडतात त्याला मराठीत एक फार जुने आणि फार सविस्तर उत्तर उपलब्ध आहे. ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसारात सापडते.

मराठी ख्रिस्ती मंडळीत 'पाळक' हा शब्द रूढ आहे. मेंढपाळाच्या रूपकावरून तो आला. पाळकाने रविवारी उपदेश करावा, बाप्तिस्मा द्यावा, प्रभुभोजनाचा विधी चालवावा, आजाऱ्यांना भेटावे, लग्ने लावावीत, मृतांना निरोप द्यावा, अशी ही कामे. ती करणारा मनुष्य सहसा कोणाचा तरी नवरा आणि कोणाचा तरी बाप असतो, ही गोष्ट मात्र धर्मशास्त्राच्या ग्रंथांत फारशी येत नाही. मराठीत ती आली, आणि तीही पाळकाच्या नव्हे, त्याच्या पत्नीच्या लेखणीतून.

नारायण वामन टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लोकमान्यांचे ते समकालीन आणि त्यांच्याचसारखे चित्पावन ब्राह्मण. कविता, संस्कृत, वक्तृत्व यांत गती असलेला, पण एका ठिकाणी न टिकणारा हा गृहस्थ 1893 च्या सुमारास रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी बोलत बसला. उतरताना त्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा 'नवा करार' दिला. पुढे पुष्कळ वाचन आणि तितकीच तगमग होऊन 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला याची पूर्वकल्पना नव्हती.

लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे आणि घर अत्यंत सोवळ्याचे. नवऱ्याच्या धर्मांतराची बातमी म्हणजे तिच्या लेखी वैधव्याहून वाईट अवस्था होती, कारण नवरा जिवंत असून संसार नव्हता. मुलगा दत्तू तिच्यापाशी राहिला. नातलगांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरात, सुमारे पाच वर्षे तिने काढली.

इथे कायद्याचा एक तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. 1866 मध्ये इंग्रज सरकारने एतद्देशीय ख्रिस्ती झालेल्यांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. धर्मांतरामुळे जोडीदार नांदावयास येत नसेल तर ठरावीक रीतीने न्यायालयात जाऊन विवाह संपुष्टात आणता येई आणि दुसरा करता येई. टिळकांपुढे ही वाट खुली होती. ते त्या वाटेने गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले, आणि पत्नीने ख्रिस्ती व्हावे अशी अट न घालता तिने परत यावे एवढेच मागत राहिले. त्यांच्या साऱ्या पाळकपणात याहून मोठा उपदेश शोधावा लागेल.

लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) परतल्या त्या स्वतःच्या अटींवर. वेगळे बिऱ्हाड, वेगळी भांडी, वेगळे पाणी. नगरच्या मंडळीत महार आणि मांग समाजांतून आलेले ख्रिस्ती बहुसंख्य होते, आणि त्यांच्या हातचे खाणे-पिणे या बाईला अशक्य वाटे. तिचा हा सोवळेपणा कोणाच्या व्याख्यानाने गेला नाही. तिने आपल्याशीच वाद घातला. देवाने मनुष्यजातीत स्त्री आणि पुरुष एवढाच भेद केला असेल, तर बाकीच्या जाती कोणाच्या, असा प्रश्न तिला पडला, आणि त्या माणसांनीच केल्या या निष्कर्षाला ती पोचली. तिथून मागे वळणे नव्हते. 1900 मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर म्हणजे प्रलोभन किंवा सक्ती, एवढ्याच दोन खणांत हा विषय कोंबणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, 'स्मृतिचित्रे'तील ही पाने सावकाश वाचावीत.

1904 मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि राहुरीची मंडळी त्यांच्याकडे आली. रेव्हरंड ही पदवी लागली, तरी नाव नारायण वामनच राहिले, वेश देशी राहिला. मुलांची नावे देवदत्त आणि तारा. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे नव्हे, हे त्यांनी वादविवादाने सांगितलेच, पण त्याआधी अंगावरच्या कपड्यांनी सांगितले.

त्यांचा खरा झगडा गाण्याशी होता. त्यापूर्वी मराठी मंडळीत गायिली जाणारी पुष्कळ गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि चालीही तिकडच्याच. मराठी पद्याचे वळण ऱ्हस्व-दीर्घ मात्रांवर आणि अभंग-ओवीच्या अक्षरसंख्येवर चालते. इंग्रजी चालीला आघात हवा असतो. एकाची शब्दकळा दुसऱ्याच्या चालीत बसवली की ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, दीर्घ अक्षर चेपले जाते, आणि गाणाऱ्याला आपण परक्याचे जोडे घालून चालतो आहोत असे वाटते. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींची आणि ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिचा राजरस्ता केला. अभंग, भजन, कीर्तन, टाळ-मृदंग हे सारे उपासनेत आले. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात आजही त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत. निकोल मॅक्निकॉल यांनी इंग्रजीत आणलेली त्यांची काही गीते तर पाश्चात्त्य चर्चांच्या गीतपुस्तकांतही शिरली. अमेरिकेतल्या एखाद्या चर्चमध्ये गीताखाली छापलेले नारायण वामन टिळक हे नाव पाहून मराठी माणूस चमकला, तर त्याचे कारण हे.

यामागचा विचार स्पष्ट होता. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भूमिका होती. बायबलच्या जुन्या करारात यहुदी संदेष्ट्यांचे जे स्थान आहे, ते आपल्यापुरते महाराष्ट्राच्या संतांचे, असे ते मानीत. हे अनेक कर्मठ ख्रिस्ती उपदेशकांना मानवत नव्हते. हिंदू समाजातही त्यावर आक्षेप घेणारे होतेच, आणि आजही असतील. संतांना पायरी म्हणणे हा त्यांचा गौरव की न्यूनता, हा वाद रास्त आहे. पण परक्या भाषेत शिकवलेली भक्ती घरात मुरत नाही, हे टिळकांचे निरीक्षण वादापलीकडचे म्हणावे लागेल.

याच विचारातून आलेला अमेरिकेशी संबंध गुंतागुंतीचा आहे. नगरचे काम अमेरिकन मराठी मिशनचे. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये नगरचे ठाणे सुरू झाले, 1842 मध्ये तिथून 'ज्ञानोदय' निघाला. त्याच 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन टिळकांनी 1912 पासून केले. पण मिशनच्या पगारावर जगणारा पाळक आपल्या लोकांना मिशनचा नोकर वाटतो, हे शल्य त्यांना टोचत होते. मिशनऱ्यांनी धनी न होता मित्र व्हावे, असे ते उघडपणे मांडीत. शेवटी 1917 मध्ये त्यांनी मिशनचा संबंध सोडला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तिथे जागा होती. दोन वर्षांतच, 9 मे 1919 रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबार त्यांच्यामागे उभा राहू शकला नाही.

संन्यास घेणाऱ्याचे घर कोण चालवणार, हा प्रश्न अर्थातच लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला. तसा तो नेहमीच त्यांच्याच वाट्याला होता. हाती आलेला पैसा वाटून टाकणे, न विचारता पाहुणे घेऊन येणे, कल्पना सुचली की बिऱ्हाड हलवणे हा टिळकांचा स्वभाव. अनाथ मुले घरात वाढत. कवी बालकवी ठोंबरे या घरात राहिले आणि मुलासारखे वावरले. मंडळीच्या दृष्टीने ही सारी सेवा होती. स्वयंपाकघराच्या दृष्टीने ती डाळ-तांदळाची चिंता होती. लक्ष्मीबाई ही चिंता लपवीत नाहीत, आणि तिचे भांडवलही करीत नाहीत. नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर त्या मनमुराद हसतात, रागावतात, आणि पुढच्याच परिच्छेदात त्याच्या मोठेपणापुढे मान लववतात. पाळकाच्या कुटुंबजीवनाविषयी मराठीत याहून प्रामाणिक मजकूर नाही.

आता न्यू जर्सीच्या धाग्याविषयी. टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या काळात मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये जस्टिन एडवर्ड्स ॲबट नावाचे पाळक काम करीत होते. निवृत्त होऊन ते अमेरिकेत परतले आणि समिट या गावी राहिले. पिस्कॅटवेहून हे गाव मोटारीने साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. तिथे बसून या वृद्ध पाळकाने महाराष्ट्राच्या संतकवींची इंग्रजी भाषांतरमाला हाती घेतली. 1926 मध्ये भानुदास, 1927 मध्ये एकनाथ, पुढे बहिणाबाई, तुकाराम, रामदास. छपाई पुण्यात होई आणि मुखपृष्ठावर समिट, न्यू जर्सी असे छापले जाई. पंडित नरहर गोडबोले त्यांचे साहाय्यक होते. 1932 मध्ये ॲबट यांचे समिट येथेच निधन झाले. उरलेले खंड सहकाऱ्यांनी पुरे केले. महाराष्ट्राला ख्रिस्त सांगायला गेलेला मनुष्य अखेरीस अमेरिकेला महिपतीची संतचरित्रे सांगत बसला. टिळकांच्या सेतूवरून वाहतूक दोन्ही दिशांनी झाली, ती अशी.

ॲबट गेले त्यानंतर दोन वर्षांनी, 1934 मध्ये, 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. टिळकांनी आरंभ करून सोडलेले 'ख्रिस्तायन' हे काव्यही लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. त्यातील बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा आत्मचरित्र लिहून पुरे झाले नव्हते. पुढची कथा चिरंजीव देवदत्त यांनी लिहिली. मराठी वाचता न येणाऱ्या इथल्या मुलांसाठी शांता गोखले यांचे 2017 चे इंग्रजी भाषांतर आहे, आणि विजया मेहता यांनी 1982 मध्ये केलेल्या चित्रपटात सुहास जोशी लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत दिसतात.