निखाऱ्यावर सिद्ध होणारा चहा

दूध-साखर घालून उकळलेल्या चहाची सवय असलेल्या जिभेला चीनचा 'यानछा', म्हणजे खडकावरचा चहा, प्रथम बुचकळ्यात टाकतो. फुजियान प्रांतातील वुयी पर्वताच्या कडेकपारींत, खडकांच्या झिजेतून झालेल्या मातीत त्याची झुडपे वाढतात. हा ऊलाँग प्रकारचा चहा. हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला. खुडलेली पाने कोमेजवून पुनःपुन्हा हलवली जातात. त्यामुळे कडा दुखावतात आणि हवेच्या संपर्काने तांबूस होतात. मग उष्णता देऊन ही क्रिया थांबवली जाते व पाने वळली जातात.

खरी कसोटी पुढे असते. बांबूच्या टोपलीत पसरलेली पाने राखेने झाकलेल्या कोळशाच्या निखाऱ्यांवर कित्येक तास मंद भाजली जातात. दाणे भाजताना सुटतो, तसा खमंग वास त्यातूनच येतो. ओलावा घटल्याने चहा टिकतोही. मात्र ताज्या भाजणीचा धग असलेला स्वाद निवण्यासाठी तो काही महिने ठेवावा लागतो.

आस्वादाची रीतही निराळी. झाकणाच्या शंभरेक मिलिलिटरच्या 'गायवान' वाटीत पाच ते आठ ग्रॅम पाने घालून उकळते पाणी ओततात आणि काही सेकंदांतच गाळतात. तीच पाने अनेकदा वापरली जातात. पहिल्या पेल्यांत भाजणी बोलते. पुढे फुले, पिकलेले फळ आणि ओल्या दगडाची आठवण करून देणारी चव उमलते. घोट गिळल्यावर घशात रेंगाळणाऱ्या या गोडव्याला व भारदस्तपणाला चिनी रसिक 'यानयुन' म्हणतात.

कडक भाजणीत हलक्या पानांचे दोष लपवता येतात, म्हणून ग्राहकाने सावध असावे. तिसऱ्या-चौथ्या पेल्यात केवळ कोळशाचा कडवटपणा उरला, किंवा भिजूनही पाने काळी, ताठ आणि मिटलेलीच राहिली, तर ती करपली असे समजावे.

नावावर विसंबणेही धोक्याचे. प्रख्यात 'दा हाँग पाओ'च्या मूळ झुडपांची खुडणी २००६ मध्ये थांबवण्यात आली. आज त्या नावाने मिळणारा चहा कलमांपासून वाढवलेल्या झुडपांचा किंवा अनेक जातींचे मिश्रण असतो. त्यात कमीपणा नाही. पण किंमत वेष्टनावरील नावाला द्यायची की चवीला, याचा निवाडा पाचव्या पेल्यावर सोडलेला बरा.