मक्याच्या वासाचा माग : लॉस एंजेलिसमधील अस्सल मेक्सिकन भोजनगृहे

कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मुलामुलींकडे चार-सहा महिने राहून येण्याचा योग आपल्या वाचकांपैकी अनेकांना येतो. लॉस एंजेलिसला गेलेल्या पाहुण्यांना पहिल्याच आठवड्यात 'आज मेक्सिकन खाऊ या' हे वाक्य ऐकावयास मिळते. त्यानंतर ताटात येते ते बहुधा पिवळ्याधमक किसलेल्या चीजखाली दडलेले, चवीला बरे आणि पोटाला जड असे काहीतरी. भूक भागते, मात्र मेक्सिकोशी परिचय होत नाही. ज्या परगण्याची जवळजवळ निम्मी लोकसंख्या लॅटिन अमेरिकी वंशाची आहे आणि त्यातही मेक्सिकन मुळाचे लोक सर्वाधिक आहेत, तेथे जाऊन असे परतणे खेदाचे नव्हे काय? अस्सल भोजनगृह ओळखण्याच्या काही खुणा आहेत आणि त्या कोणालाही शिकता येण्याजोग्या आहेत.

प्रथम थोडा इतिहास. हे शहर १७८१ साली स्पॅनिश अमलाखाली वसले. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा ते मेक्सिकोत गेले आणि १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने अमेरिकेकडे आले. मेक्सिकन स्वयंपाक या शहराला बाहेरून आलेला पाहुणा नव्हे. तो घरचा आहे. असे असूनही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मेक्सिकन' हा शब्द पाटीवर लिहिणे व्यवसायाच्या दृष्टीने सोयीचे नव्हते. १९२३ पासून चालत आलेल्या 'एल चोलो' या भोजनगृहाच्या नावापुढे 'स्पॅनिश कॅफे' असे लिहिलेले आढळते, त्यामागे हीच मानसिकता आहे.

कुरकुरीत, दुमडलेल्या टाकोची कथा तर याहून बोधक आहे. शहराच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर सान बर्नार्डिनो येथे 'मितला कॅफे' हे मेक्सिकन कुटुंबाचे भोजनगृह १९३७ मध्ये सुरू झाले. त्याच्या समोरच ग्लेन बेल नावाच्या गृहस्थाचा खाद्यपदार्थांचा ठेला होता. मितलामधील तळलेला टाको त्याने चाखला, कसा करतात ते पाहून घेतले आणि पुढे १९६२ मध्ये 'टाको बेल' ही साखळी उभी केली. हीच साखळी २०१० मध्ये बंगळूरमार्गे भारतात आली. मितला कॅफे मात्र आपल्या जागी राहिले. तेव्हा तळलेला टाको म्हणजे नकली आणि मऊ टाको म्हणजे अस्सल, हा सोपा हिशेब कामाचा नाही. सीमावर्ती प्रदेशातील मेक्सिकन कुटुंबांनी हाती आलेल्या जिनसांतून तो घडविला होता. साखळीने उचलला तो आकार. हात मागेच राहिला.

मग पाहावे काय? माझ्या मते पहिली खूण पाटीवर असते आणि ती म्हणजे प्रांताचे नाव. मेक्सिकोत राजधानीसह बत्तीस प्रांत आहेत आणि 'मेक्सिकन जेवण' हा शब्दप्रयोग 'भारतीय जेवण' याच्याइतकाच सैल आहे. महामार्गावरील एखाद्या हॉटेलाच्या पाटीवर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन असे तिन्ही शब्द एकत्र दिसले की आपण काय समजायचे ते समजतो. याउलट 'मालवणी खानावळ' एवढीच पाटी असली की पाय आपोआप वळतात. लॉस एंजेलिसमध्येही वाहाका, हालिस्को, सिनालोआ, पुएब्ला, युकातान यांपैकी एखादे नाव पाटीवर असेल आणि पदार्थांची यादी आखूड असेल, तर आत जाण्यास हरकत नाही.

यांपैकी दक्षिणेकडील वाहाका प्रांताचे लोक या शहरात फार मोठ्या संख्येने आहेत. १९९४ साली सुरू झालेले 'गेलागेत्सा' हे त्यांचे सर्वांत ख्यातनाम भोजनगृह; २०१५ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा सन्मान लाभला. ऑलिंपिक बुलेव्हार्डवरील त्याची इमारत पूर्वी एका कोरियन भोजनगृहाची होती आणि तिची धाटणीही कोरियनच आहे. सजावटीवरून निवाडा करू नये तो यासाठी. मोठ्या काठाच्या टोप्या आणि रंगीत पताका कोणालाही विकत घेता येतात. येथे खावयाचे ते 'मोले'. अनेक जातींच्या सुक्या मिरच्या, तीळ, सुकामेवा, मसाले आणि थोडे चॉकलेट भाजून, वाटून, तासन् तास शिजविलेला हा दाट रस्सा. त्यातील काळा मोले करताना मिरच्या जवळजवळ करपेपर्यंत भाजतात. खानदेशी काळ्या मसाल्याची सवय असलेल्या जिभेला ही वाट अनोळखी वाटणार नाही.

उत्तरेकडील सोनोरा प्रांत मात्र गव्हाचा. तेथील तोर्तिया मैद्याची, पातळ आणि जवळजवळ पारदर्शक असते. शहराच्या मध्यवर्ती भागात २०१६ मध्ये सुरू झालेले 'सोनोराटाउन' या तोर्तियांसाठी नावाजले गेले. मैद्याची तोर्तिया म्हणजे अमेरिकी भेसळ, असे ठामपणे सांगणारे जाणकार भेटतात. त्यांनी सोनोराचा नकाशा पाहावा. हालिस्कोची 'बिरिया' म्हणजे मिरचीच्या वाटणात मंद शिजविलेले बोकडाचे मांस. आपल्या बिर्याणीशी तिचे केवळ नामसाधर्म्य. उभ्या सळईवर फिरणाऱ्या मांसाचा 'अल पास्तोर' टाको हा लेबनॉनहून मेक्सिकोत स्थलांतरित झालेल्यांच्या शावर्म्याचा वंशज आहे. तो अस्सल मेक्सिकन नाही, असे म्हणण्याचे धाडस मेक्सिको शहरात कोणी करणार नाही.

दुसरी खूण, आणि खरे तर सर्वांत मोठी, म्हणजे मका. मक्याच्या भिजविलेल्या पिठाच्या गोळ्याला स्पॅनिशमध्ये 'मासा' म्हणतात. (मत्स्यप्रेमी वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.) हा गोळा दाणे नुसते दळून होत नाही. वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी साले चोळून, धुऊन, ओलेच दगडी जात्यावर वाटतात. या प्रक्रियेतून निघालेल्या मक्याला 'निश्तामाल' म्हणतात आणि ती हजारो वर्षांची आहे. आपल्याकडे कोहळ्याच्या पेठ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, ते आठवावे. चुन्यामुळे साल सुटते, गोळ्याला चिकटपणा येतो, कॅल्शियम वाढते आणि मक्यात बद्ध असलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपियनांनी मका नेला, ही कृती मात्र नेली नाही. परिणामी जेथे गरिबांचे पोट केवळ मक्यावर अवलंबून राहिले, तेथे नायसिनच्या अभावाने पेलाग्रा हा रोग पसरला. युरोपात इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने असंख्य बळी घेतले. चिमूटभर चुन्याचे मोल एवढे होते.

मक्याचा विषय निघाला असता वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. परदेशांत भटकंती करीत ते १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी मोलाचे संशोधन केले. शेतकऱ्यांसाठी मुक्त शाळाही काढल्या. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मेक्सिकोच्या अन्नात मराठी माणसाचा वाटा आहे तो असा.

आता ताज्या गोळ्याची तोर्तिया ओळखावी कशी? ज्यांनी ज्वारीची भाकरी थापली आहे, त्यांना हे शिकविण्याची गरज नाही. कडा किंचित वेड्यावाकड्या असतात. तव्यावर, ज्याला तेथे 'कोमाल' म्हणतात, ती फुगते. घडी घातली तरी मोडत नाही, आणि दारातच ओल्या मातीसारखा, किंचित चुनखडीचा वास येतो. 'एचास आ मानो', म्हणजे हाताने केलेल्या, अशी पाटी असल्यास उत्तम. तयार कोरड्या पिठाची तोर्तिया वाईट असते असे नाही; मेक्सिकोतील असंख्य घरांत तेच पीठ वापरतात. परंतु पाकिटातील थंडगार तोर्तिया गरम करून वाढणाऱ्या भोजनगृहात बाकीची मेहनतही बेताचीच असते, असा अनुभव आहे.

तिसरी खूण घड्याळाची. मिसळ सकाळीच खावी, तसे तेथेही ठरलेले आहे. वाफवलेले 'तामाल' आणि मक्याचे उष्ण पेय 'आतोले' पहाटेपासून विकतात आणि बहुधा दुपारपूर्वी संपतात. 'मेनुदो' हा वजडीचा रस्सा आणि खड्ड्यात भाजलेले 'बार्बाकोआ' शनिवार-रविवारी. अल पास्तोरची सळई रात्री रंगात येते. सर्व पदार्थ सर्वकाळ मिळत असतील, तर स्वयंपाकघरापेक्षा शीतकपाट मोठे आहे असे समजावे.

शोध कोठे घ्यावा, याचा धडा जोनाथन गोल्ड यांनी घालून दिला. २००७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भोजनसमीक्षक. तरुणपणी त्यांनी पिको बुलेव्हार्ड या लांबलचक रस्त्यावरील एकेका भोजनगृहात क्रमाने जेवण्याचा संकल्प केला होता. योगायोग असा की रस्त्याला नाव आहे ते पिओ पिको यांचे, कॅलिफोर्नियाच्या अखेरच्या मेक्सिकन राज्यपालांचे. २०१८ मध्ये गोल्ड यांचे निधन झाले, पण एक रस्ता धरून चालत राहण्याची त्यांची पद्धत आजही सर्वोत्तम आहे. पाहुण्यांनी बॉईल हाइट्स आणि पूर्व लॉस एंजेलिस हे भाग निवडावेत. येथेच 'मारिस्कोस हालिस्को' ही कोळंबीच्या तळलेल्या टाकोंसाठी विख्यात असलेली गाडी उभी राहते. मासळीप्रेमींनी ती चुकवू नये. ओल्वेरा स्ट्रीट ही १९३० मध्ये पर्यटकांसाठी सजविलेली बाजारपेठ आहे खरी. तरीही १९३४ पासून तेथे असलेल्या 'सिएलितो लिंदो'च्या टपरीवरील अवोकाडोच्या पातळ चटणीतले टाकितो तेथे जाण्याचे पुरेसे कारण आहे.

या शहरातील अस्सल अन्नाचा मोठा भाग रस्त्यावर आहे, आणि रस्त्यावरील विक्रेत्यांचे जीवन सुखाचे नाही. पदपथावरील विक्री गुन्हा ठरविणाऱ्या स्थानिक नियमांना कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या कायद्याने आळा घातला, तोवर दंड आणि माल जप्त होण्याचे भय नित्याचे होते. जून २०२५ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध संघीय कारवाई सुरू झाली तेव्हा अनेक विक्रेते घराबाहेर पडेनासे झाले आणि गजबजलेले कोपरे ओस पडले. म्हणून मुलांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या कोपऱ्यावर गाडी दिसली नाही, तर ती बंद पडली असा निष्कर्ष लगेच काढू नये. शेजारच्या दुकानात विचारावे.

शाकाहारी वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण फसगत येथेच होते. परंपरेने घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असते. तिला 'मान्तेका' म्हणतात. तामालच्या पिठात तीच, वाहाकाच्या मोठ्या 'त्लायुदा'वर तीच. तांबडा भात कोंबडीच्या पाण्यात शिजतो, आणि मोलेही बहुधा त्याच पाण्यात. 'कार्ने' म्हणजे मांस खरे, परंतु बोलीत त्याचा रोख लाल मांसाकडे असतो. 'सिन कार्ने' एवढेच म्हटले तर कोंबडी येण्याचा संभव राहतो. म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका', म्हणजे मांस, कोंबडी, मासळी आणि चरबी यांपैकी काहीही नको, असे स्पष्ट सांगावे. तवा एकच असतो, हेही गृहीत धरावे. ज्यांना ते चालत असेल त्यांनी भोपळ्याच्या फुलांची केसादिया, निवडुंगाच्या कोवळ्या पानांची 'नोपालेस' भाजी आणि मिरचीच्या पट्ट्या व चीज यांचे 'राहास' मागवावेत. ज्यांना चालत नसेल त्यांच्यासाठी फळांच्या हातगाड्या आहेत. आंबा, पपई, काकडी, कलिंगड यांच्या फोडींवर लिंबू आणि तिखट-मीठ भुरभुरून देतात. चौपाटीवरील कैरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. भाजलेले कणीसही मिळते, मात्र त्यावरील अंडे असलेले मेयोनेज 'सिन मायोनेसा' म्हणून वगळावे.

सोबत काय प्यावे? लाल अंबाडीच्या फुलांचे 'हामाइका' किंवा चिंचेचे 'तामारिंदो'. बँकेतील माणसाला येथे जमाखर्च मांडण्याचा मोह आवरत नाही. मिरची, टोमॅटो, मका, पपई आणि चिकू मेक्सिको व त्याच्या शेजारच्या प्रदेशांतून निघून, बऱ्याच अंशी पोर्तुगीजांच्या जहाजांतून, आपल्याकडे जमा झाले. चिंच आणि आंबा उलट दिशेने गेले. मेक्सिकोतील एका लोकप्रिय आंब्याचे नाव आजही 'मनिला' आहे, कारण आशियातून तो फिलिपिन्सच्या जहाजांतून पोहोचला. मिरची वजा केली तर कोल्हापूरच्या रश्श्याचे काय उरेल, हे वाचकांनीच ठरवावे.

शेवटी व्यवहाराचे. गाड्यांवर आणि लहान भोजनगृहांत पुष्कळदा रोख रक्कमच स्वीकारतात, आणि पन्नास किंवा शंभर डॉलरची नोट पाहून विक्रेता अडचणीत येतो. एक, पाच आणि दहा डॉलरच्या नोटा सोबत ठेवाव्यात. बसून जेवल्यास देयकाच्या पंधरा ते वीस टक्के बक्षिसी देण्याचा तेथे प्रघात आहे. गाडीवर एखाद-दुसरा डॉलर बरणीत टाकतात. चटण्या स्वतः वाढून घ्यावयाच्या असतात. हिरवी सौम्य आणि लाल जहाल, हा नियम तेथे चालत नाही. अनेकदा उलटच असते, म्हणून थेंबभर चाखूनच पुढे जावे.