नळ कोरडा, तळं हिरवं!

पाण्याची बोंब असलेल्या शहरात घरी लिली फुलवायची? जमतं! फक्त कोणतं झाड कुठे बसवायचं, ते कळायला हवं.

दिवसभर मॉनिटरकडे बघून डोळे शिणले, की पाण्यावर उमललेलं एखादं फूल बघायला कुणाला आवडणार नाही? पण छत्रपती संभाजीनगरात घरी तळं म्हटलं, की आधी कपाळावर आठीच पडते. आमच्या कॉलनीत नळाला रोज पाणी येत नाही. मे महिन्यात तर टँकरवाल्याचा नंबर स्पीड डायलवर! त्यात मी अंगणात टब मांडलेला बघून शेजारच्या काकूंनी थेट विचारलं, "अगं, वापरायला पाणी नाही आणि तू फुलं कसली वाढवतेस? डास झाले म्हणजे?"

दोन्ही प्रश्न रास्त. म्हणून आधी हिशोब, मग हौस.

किती पाणी?

९० सेंमी रुंदीच्या गोल टबात ४० सेंमी पाणी म्हणजे साधारण अडीचशे लीटर. हे एकदाच. पुढे खर्च बाष्पीभवनाचा आणि तो खोलीवर नाही, उघड्या पृष्ठभागावर ठरतो. या टबात पाणी १ सेंमी उतरलं, की जवळपास साडेसहा लीटर गेले. ३ सेंमी म्हणजे २० लीटरचा एक जार! म्हणून टब फार पसरट नको. भर घालायला पावसाचं साठवलेलं पाणी बेस्ट. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र फरशी पुसायला ठेवा. त्यातले क्षार टबात साठत जातात.

गच्चीवर ठेवणार असाल, तर अडीचशे लीटर म्हणजे अडीचशे किलो, हे विसरू नका. इंजिनिअरला विचारा.

जागा कोणती?

लिलीला रोज पाच-सहा तास ऊन हवंच. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतर पश्चिमेकडची भिंत आडोसा देईल, अशी जागा शोधा. भिंतीमुळे गरम वाराही अडतो.

लावायचं कसं?

इथे मराठवाडा फॉर्मात! लिलीला हलकं कोकोपीट चालत नाही, ते पाण्यावर तरंगतं. तिला हवी चिकट, जड काळी माती, आणि ती आपल्याकडे ढिगाने आहे. पसरट कुंडीत तळाशी थोडं पूर्ण कुजलेलं शेणखत, वर माती. ताजं शेण टाकलंत तर पाणी हिरवं होऊन वास मारेल. कंद लावताना कोंब मातीच्या वर राहू द्या आणि सगळीकडे बारीक खडी पसरा, म्हणजे पाणी गढूळ होणार नाही.

आता कुंडी थेट तळाशी ठेवायची घाई नको. आधी विटांवर ठेवा. कोवळी पानं पाण्यावर पोचली, की एकेक वीट काढा. शेवटी कोंबावर १५ ते २५ सेंमी पाणी पुरे. पाणकणीस किंवा वेखंड काठाला, विटांवर उंच. त्यांच्या मुळाशी ५-७ सेंमी पाणी बास. हायड्रिलाची जुडी तळाला. लिलीच्या पानांनी निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकला, की सावलीत शेवाळाचा जोर ओसरतो.

कारंजं नको बरं का! पाणचक्कीच्या हौदात उंचावरून कोसळणारं पाणी बघायला झकास, पण लिलीला स्थिर पाणी लागतं. पानांवर सतत शिंतोडे पडले, की ती कुजतात.

कमळ की लिली?

अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेणीतल्या पद्मपाणीच्या हातात निळं कमळ आहे, असं आपण म्हणतो. पण खऱ्या कमळात निळा रंग नसतोच! नीलकमल म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने लिली. ओळख सोपी आहे: लिलीचं पान पाण्यावर तरंगतं आणि त्याला चीर असते, कमळाची मोठी पानं पाण्याबाहेर उंच येतात. कमळ लांबवर पसरतं, त्याला वेगळा, गोल टब द्या. नवख्यांनी लिलीच घ्यावी.

आणि डास?

साठलेली भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करा, हा 'कोरडा दिवस'चा नियम टबाला लावता येत नाही. इथे ड्यूटी गप्पी माशांची. ते अळ्या फस्त करतात. नळाचं पाणी भरल्यावर दोन दिवस थांबून मगच मासे सोडा. पानांचं छप्पर पूर्ण दाट होऊ देऊ नका, माशांना फिरायला जागा हवी. आणि हो, हे मासे नंतर नदी-तलावात सोडायचे नाहीत.

एक झाड मात्र फुकट मिळालं तरी आणू नका: जलपर्णी. जांभळी फुलं गोड दिसतात, पण सलीम अली सरोवरावर तिने काय केलं, ते या शहराने पाहिलंय.

लिलीची जुनी पिवळी पानं दर रविवारी कापा. पाच मिनिटांचं काम. आणि शेजारच्या काकू डोकावल्याच, तर त्यांना आधी गप्पी मासे दाखवा, फुलं मागाहून.