हरवलेले मूल आणि भ्रमणध्वनीची साक्ष

किशोरवयीन मुलगा वा मुलगी ठरलेल्या वेळी घरी परतली नाही की घरातील माणसे सर्वप्रथम तिचा नंबर फिरवतात. फोन लागत नाही, मग मैत्रिणींना विचारणा होते, नातेवाइकांकडे चौकशी होते आणि अखेर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. तेथे गेल्यावर बहुतेक पालकांची पहिली विनंती असते, 'साहेब, तिचे टॉवर लोकेशन काढा.' चित्रपट आणि मालिका पाहून आपली अशी समजूत झालेली असते की, पोलिसांनी संगणकावर बोट ठेवले की मूल कोठे आहे हे क्षणार्धात दिसते. वस्तुस्थिती तशी नाही. भ्रमणध्वनीची नोंद हे तपासातील अतिशय मोलाचे साधन आहे. मात्र ती यंत्राविषयी बोलते. ते यंत्र त्या वेळी कोणाच्या हाती होते, हे ती सांगत नाही. हा फरक न कळल्यामुळे काय घडू शकते आणि तो नीट ओळखल्यामुळे न्याय कसा मिळू शकतो, हे या लेखात आम्ही इंग्लंडमधील तीन प्रकरणांच्या आधारे समजावून घेणार आहोत. त्यानंतर आपल्याकडील कायदा आणि पालकांचे कर्तव्य यांकडे वळू.

नोंदीत काय असते?

आपण फोन करतो वा लघुसंदेश पाठवतो, तेव्हा दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेत त्याची नोंद होते. पोलिसांच्या भाषेत तिला 'सीडीआर' म्हणतात. कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकाशी संपर्क झाला, दिनांक, वेळ, संभाषणाचा कालावधी, सिमकार्डाची ओळख, हँडसेटचा आयएमईआय क्रमांक आणि त्या वेळी फोन ज्या मनोऱ्याशी जोडलेला होता त्याचा क्रमांक, एवढा तपशील तीत असतो. संभाषण काय झाले किंवा संदेशात काय लिहिले होते, हे तीत नसते.

सिमकार्ड बदलले तरी हँडसेटचा आयएमईआय क्रमांक तोच राहतो. त्यामुळे जुने सिम फेकून त्याच हँडसेटमध्ये नवे घातले, तर नवा क्रमांकही शोधता येतो. मनोऱ्याविषयी मात्र गैरसमज पुष्कळ आहेत. मनोरा विशिष्ट घर दाखवीत नाही, तो परिसर दाखवतो. दाट वस्तीच्या शहरात हा परिसर काहीशे मीटरचा असू शकतो, तर डोंगराळ वा तुरळक वस्तीच्या भागात तो काही किलोमीटरपर्यंत पसरतो. शिवाय फोन दर वेळी सर्वांत जवळच्याच मनोऱ्याला जोडला जातो असेही नाही. गर्दी, उंच इमारती, टेकड्या यांमुळे तो दूरच्या मनोऱ्याचा आधार घेतो. फोन बंद झाला की उरते ती केवळ शेवटची नोंद. व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून पाठवलेले संदेश सीडीआरमध्ये संदेश म्हणून दिसत नाहीत. त्या वेळी इंटरनेट चालू होते एवढेच वेगळ्या नोंदीवरून कळते.

एसेक्समधील प्रकरण

१८ जून २००१ रोजी, सोमवारी सकाळी, इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील ईस्ट टिलबरी या गावातून १५ वर्षांची एक मुलगी शाळेची बस पकडण्यासाठी घरातून निघाली. ती बसमध्ये चढलीच नाही. तिच्या कुटुंबाच्या दुःखाचा मान राखून आम्ही येथे तिचे नाव देत नाही.

पोलिसांचा संशय लवकरच जवळच्या नात्यातील एका पुरुषाकडे वळला. त्याच्या फोनवर मुलगी नाहीशी झाल्यानंतर तिच्या फोनवरून लघुसंदेश आले होते. वरवर पाहता हा त्याच्या बाजूचा पुरावा होता. मुलगी संदेश पाठवते आहे, म्हणजे ती जिवंत आहे, रागावून कोठेतरी गेली आहे, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. त्या दिवशी सकाळी आपण अर्ध्या तासाच्या अंतरावरील रेली गावातील दुकानात होतो, असे त्याचे म्हणणे होते.

तपास अधिकाऱ्यांनी दोन प्रश्न वेगवेगळे केले. संदेश तिच्या फोनवरून आला हे खरे. परंतु तो पाठवला त्या वेळी तो फोन कोठे होता? आणि संदेश स्वीकारणारा फोन कोठे होता? मनोऱ्यांच्या नोंदी ताडून पाहिल्यावर दोन्ही फोन एकाच मनोऱ्याच्या कक्षेत असल्याचे आढळले. दूर असल्याचा त्याचा दावा त्यामुळे कोसळला. पाठवणारा आणि स्वीकारणारा एकच असावा, या निष्कर्षाकडे ही नोंद बोट दाखवीत होती.

त्याला दुजोरा मिळाला तो भाषेच्या अभ्यासातून. माल्कम कूल्टहार्ड या भाषातज्ज्ञांनी मुलीचे पूर्वीचे संदेश आणि संशयास्पद संदेश यांची तुलना केली. मुलीला रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहिण्याची सवय होती. संशयास्पद संदेश मोठ्या अक्षरांत होता. घराच्या झडतीत मिळालेला अन्य पुरावाही न्यायालयासमोर आला. १९ डिसेंबर २००२ रोजी आरोपी अपहरण आणि खून या दोन्ही गुन्ह्यांत दोषी ठरला व त्याला जन्मठेप झाली. मुलीचा मृतदेह मात्र कधीच सापडला नाही. त्या आईवडिलांना न्याय मिळाला, पण लेकीला निरोप देण्यासाठी थडगे मिळाले नाही.

लिहिण्याची लकब

असाच प्रकार २००५ साली नॉर्थ यॉर्कशायरमधील रिचमंड या गावी घडला. जून महिन्याच्या अखेरीस १९ वर्षांची एक तरुणी बेपत्ता झाली. पुढील काही दिवस तिच्या फोनवरून संदेश येत राहिले. आपण घर सोडून गेलो आहोत, असा त्यांचा सूर होता. हे संदेश उत्तरेकडून, स्कॉटलंडच्या सीमेच्या परिसरातून येत असल्याचे मनोऱ्यांनी दाखवले. कुटुंबाला वाटावे की मुलगी दूर निघून गेली आहे, अशीच ती योजना होती.

येथेही कूल्टहार्ड यांनी संदेशांची भाषा तपासली. तरुणी 'माझे', 'मी स्वतः' या अर्थाचे इंग्रजी शब्द प्रमाण रूपात लिहीत असे. शेवटच्या संदेशांत त्यांची बोलीतील रूपे होती. 'टू' या शब्दाऐवजी ती दोनचा आकडा वापरी आणि त्यानंतर जागा सोडत नसे. शेवटच्या संदेशांत जागा सोडलेली होती. ही वैशिष्ट्ये संशयित पुरुषाच्या लेखनाशी जुळत होती. २००८ साली तो खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला. याही प्रकरणात मृतदेह मिळाला नाही.

आपल्या मुलांचे संदेश पाहिले तरी हे सहज ध्यानात येईल. मराठी मजकूर रोमन लिपीत लिहिताना 'आहे' हा शब्द कोणी एका 'ए'ने सुरू करतो, कोणी दोन 'ए'नी. कोणी 'म्हणजे'मधील सारे स्वर गाळतो. कोणी आईला 'मम्मा' लिहितो, कोणी 'आये'. कोणी पूर्णविराम देतच नाही. या लकबी मुलाच्या स्वतःच्याही लक्षात नसतात, आणि त्याचे सोंग घेणाऱ्याच्या तर मुळीच नसतात.

मात्र या शास्त्राची मर्यादा ओळखणे आवश्यक आहे. लिहिण्याची लकब म्हणजे बोटांचा ठसा नव्हे. संदेश आखूड असतात, तुलनेसाठी मजकूर थोडा असतो आणि मित्रमैत्रिणी एकमेकांच्या लकबी उचलतात. म्हणून तज्ज्ञ 'हे अमुक व्यक्तीनेच लिहिले' असे सहसा म्हणत नाहीत. 'हे या व्यक्तीच्या सवयीशी अधिक जुळते' असे म्हणतात. मनोऱ्याची नोंद, भाषेचा अभ्यास आणि अन्य पुरावा ही सारी एकाच दिशेने बोलू लागली, की मगच खटला उभा राहतो.

खोट्या आशेचे दुःख

नोंदीचा अर्थ घाईने लावला तर काय होते, हे सरे परगण्यातील वॉल्टन-ऑन-टेम्स येथील प्रकरणाने जगाला दाखवले. २१ मार्च २००२ रोजी १३ वर्षांची मुलगी शाळेतून घरी येताना नाहीशी झाली. आई पुनःपुन्हा तिच्या नंबरवर फोन करीत असे. ध्वनिसंदेशांची पेटी भरल्यामुळे नवा निरोप ठेवता येत नव्हता. एके दिवशी ती पेटी रिकामी झाल्याचे आईला जाणवले. मुलीनेच निरोप ऐकले असतील, म्हणजे ती जिवंत आहे, असे त्या माउलीला वाटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुलीचे अवशेष हॅम्पशायरमधील रानात सापडले.

पुढे जुलै २०११ मध्ये उघड झाले की, 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकाच्या वतीने त्या मुलीच्या ध्वनिसंदेशांत चोरून प्रवेश करण्यात आला होता. लोकक्षोभ एवढा उसळला की, त्याच महिन्यात हे साप्ताहिक कायमचे बंद पडले व वृत्तपत्रांच्या वर्तनाची न्यायिक चौकशी नेमली गेली. निरोप कोणी मुद्दाम पुसले नसून यंत्रणेने ते ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले असावेत, अशी शक्यता पोलिसांनी डिसेंबर २०११ मध्ये सांगितली. आशेचे कारण जे काही असो, मुलगी त्यामागे नव्हती. फोनवर काही हालचाल झाली एवढेच खरे होते. ती कोणाची, हे नोंदीने सांगितलेच नव्हते.

आपल्याकडील कायदा

आपल्या देशात १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर महत्त्वाचा आदेश दिला. मूल हरवल्याची तक्रार आली की ती प्राथमिक माहिती अहवाल म्हणून नोंदवावी आणि अन्यथा सिद्ध होईपर्यंत अपहरण वा मानवी तस्करी झाली आहे असे गृहीत धरून तपास करावा, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे १८ वर्षांखालील मूल बेपत्ता असल्यास 'चोवीस तास वाट पाहा' हे उत्तर पालकांनी स्वीकारण्याचे कारण नाही. हद्दीचा प्रश्न काढला गेल्यास कोणत्याही ठाण्यात 'शून्य क्रमांकाने' गुन्हा नोंदवता येतो.

गुन्हा नोंदवला गेला की कंपनीकडून सीडीआर मागवण्याचा मार्ग मोकळा होतो. ही मागणी जिल्ह्यात पोलीस अधीक्षक आणि शहरात पोलीस उपायुक्त यांच्या मान्यतेने जाते. कंपन्यांनी या नोंदी किमान दोन वर्षे जपाव्यात, अशी दुरुस्ती त्यांच्या परवान्यात डिसेंबर २०२१ मध्ये करण्यात आली. त्याआधी ही मुदत एक वर्षाची होती.

नोंद मिळाली तरी ती न्यायालयात ग्राह्य ठरण्यासाठी प्रमाणपत्र लागते. या प्रश्नावरील महत्त्वाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातील आहे. जालना येथील निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही अट कायम आहे. घरच्या मंडळींनी घेतलेले मोबाईलच्या पडद्याचे छायाचित्र तपासाला दिशा देते; परंतु पुरावा म्हणून मूळ उपकरण आणि प्रमाणपत्र यांची गरज भासते.

पोलिसांच्या दिरंगाईला कंटाळून काही जण खासगी गुप्तहेरांकडून सीडीआर मिळवण्याचा प्रयत्न करतात. हे बेकायदा आहे. अशा विक्रीच्या आरोपावरून २०१८ साली ठाणे पोलिसांनी काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. आज हतबल बापाला विकली जाणारी नोंद उद्या त्याच्या मुलीचा पाठलाग करणाऱ्यालाही विकली जाऊ शकते, याचा विचार व्हायला हवा.

पालकांनी काय करावे?

संकट येण्यापूर्वी करावयाची गोष्ट सोपी आहे. मुलाच्या फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश हे आकडे व चिन्हे दाबल्यास आयएमईआय क्रमांक दिसतो. तो वहीत लिहून ठेवावा. फोनच्या खोक्यावरही तो असतो, म्हणून खोके फेकू नये.

मूल बेपत्ता झाल्यास विनाविलंब ठाण्यात जावे. ११२ आणि बालकांसाठीचा १०९८ हे क्रमांकही उपलब्ध आहेत. मुलाचा नंबर, आयएमईआय, शेवटचा संपर्क कोणाशी व केव्हा झाला हे लिहून द्यावे. त्याचे जुने संदेश पुसू नयेत. घरातील संगणक वा टॅब्लेटवर त्याची खाती उघडून शोधाशोध करू नये. पोलिसांना ती उपकरणे आहेत तशी द्यावीत. मुलाचा नंबर समाजमाध्यमांवर प्रसृत करू नये. अनोळखी लोकांचे शेकडो फोन येऊन बॅटरी संपते आणि उपयोगाची नोंद गर्दीत हरवते. घरातील एकाच व्यक्तीने ठरावीक वेळाने फोन करून पाहावा.

आणि त्या फोनवरून संदेश आलाच, तर आनंदाच्या भरात तपास थांबवण्याची विनंती करू नये. तो पुनःपुन्हा वाचावा. आपले मूल असे लिहिते का? आपल्याला या नावाने हाक मारते का? जे खटकते ते, कितीही क्षुल्लक वाटले तरी, तपास अधिकाऱ्यांना सांगावे. शक्य असेल तर मुलाचा आवाज ऐकण्याचा आग्रह धरावा.

मनोऱ्यांच्या नोंदी कंपनीकडे असतात, त्या पोलीस मिळवतील. परंतु आपले मूल कसे बोलते, कसे लिहिते, कोणावर रुसते आणि कोणाकडे मन मोकळे करते, ही माहिती कोणत्याही कंपनीपाशी नसते. ती घरातच मिळू शकते, आणि तीही त्याच्याशी रोज बोलणे होत असेल तरच. मुलांचे फोन चोरून तपासण्याची सवय लावून घ्या असे आम्ही सुचवत नाही. त्याने अंतर वाढते. मुलाने आपणहून दोन ओळी लिहाव्यात आणि आपण त्या लक्षपूर्वक वाचाव्यात, एवढे नाते घराघरांत असले, तर कठीण प्रसंगी तपास अधिकाऱ्यांनाही त्याचाच सर्वांत मोठा आधार होईल.