पक्षी जवळ, माणूस दूर

हिवाळा सुरू झाला की नागपूरच्या अंबाझरी, गोरेवाडा आणि जिल्ह्यातील इतर तलावांवर उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात. तलवार बदक, लालसरी, चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब हंस. मंगोलियात गळ्यात सांकेतिक पट्टा घातलेले काही पट्टकदंब नागपूर परिसरातही नोंदले गेले आहेत. पट्ट्यावरची अक्षरे वाचता आली, तर तो हंस कुठून आला हे कळते. पण थवा काठापासून लांब असतो आणि माणूस जवळ गेला की उडतो. असे प्रत्येक उड्डाण परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्च करते.

यावर उपाय म्हणजे 'डिजिस्कोपिंग'. तिपाईवर बसवलेल्या स्पॉटिंग स्कोपच्या, म्हणजे एका डोळ्याने पाहायच्या मोठ्या दुर्बिणीच्या, नेत्रिकेला कॅमेरा किंवा मोबाइल जोडून छायाचित्र घ्यायचे. १९९९च्या सुमारास मलेशियातील पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांच्या छायाचित्रांमुळे ही पद्धत जगभर पोहोचली. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला मोबाइल लावून हिवतापाच्या परजीवीचा फोटो काढतात, त्यातलाच हा प्रकार. डोळ्याच्या जागी कॅमेरा येतो, एवढेच.

गणित सोपे आहे. मोबाइलचे मुख्य भिंग साधारण २५ मिमीचे धरले आणि दुर्बीण २० पट मोठे दाखवत असेल, तर परिणाम ५०० मिमीच्या लेन्सइतका मिळतो. मग ६० पट का करू नये? कारण पुढच्या भिंगाच्या व्यासाला विशालनाने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८० मिमीच्या भिंगातून २० पटीला हा झोत ४ मिमीचा असतो, ६० पटीला जेमतेम १.३ मिमीचा. चित्र काळवंडते, किंचित धक्क्यानेही हलते. म्हणून २० ते ३० पट पुरे.

चित्राभोवती काळे वर्तुळ दिसले तर मोबाइलचे भिंग नेत्रिकेच्या बरोबर मध्यावर आणि योग्य अंतरावर नाही, असे समजावे. बाजारात मिळणारा अॅडॉप्टर हे अंतर स्थिर ठेवतो. बटण दाबताना हादरा बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. नागपूरच्या उन्हात सकाळ सरली की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि महागडी दुर्बीणही धूसर दिसते. त्यामुळे सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास उत्तम. उडत्या पक्ष्यासाठी मात्र ही पद्धत कामाची नाही.

डोळ्यांच्या दृष्टीनेही तिचा फायदा आहे. एक डोळा मिटून बराच वेळ पाहिल्याने येणारा ताण पडद्यावर पाहिल्याने टळतो. चष्मा लावणाऱ्या ज्येष्ठांना आणि घरातल्या मुलांना एकाच वेळी पक्षी दाखवता येतो. चष्म्यासह थेट पाहायचे असल्यास नेत्रिकेची रबरी कड खाली दुमडावी. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये. एकवटलेला प्रकाश क्षणार्धात दृष्टिपटलाला कायमची इजा करू शकतो आणि त्या वेळी दुखतही नाही. मुले सोबत असतील तर दुर्बीण एकटी सोडू नये.

दुर्बिणीमुळे घरट्याजवळ जायचीही गरज उरत नाही. गोंदियाच्या धानाच्या बांधीत घरटे करणारी सारसाची जोडी माणूस जवळ आल्यास अंड्यांवरून उठते आणि उघडी अंडी कावळ्यांच्या नजरेस पडतात. पक्ष्याने मान वर करून आपल्याकडे पाहिले, चरणे थांबवले, तर आपण फार जवळ आलो आहोत. तिथून मागे सरावे.

छायाचित्रासोबत तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवावे. गळ्यात पट्टा वा पायात कडी दिसल्यास रंग आणि अक्षरेही टिपावीत. चित्र थोडे धूसर आले तरी चालेल. अक्षरे वाचता आली तर संशोधकांसाठी ती मोलाची नोंद ठरते.